संगणकाच्या पोटात : १०६० की ५८०?

काय मंडळी, फराळाचे डबे रिकामे झाले ना? आमच्याकडे तर शेवटच्या चकलीवरून भांडण झालं. ते जाऊ दे. या आठवड्यात मला नांदेडहून एक पत्र आलंय, आणि ते इतकं छान आहे की आजचं सगळं पान मी त्यालाच देणार आहे.

पत्र लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. तिला तीन भाऊ. तीन वर्षांची भाऊबिजेची ओवाळणी तिनं एका डब्यात साठवली आणि आता त्या पैशांतून ती घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवणार आहे. बाबांनी बजावलंय, ‘एकदाच काय ते घे, मागाहून रडायचं नाही.’ नव्या कार्डाएवढे पैसे नाहीत, म्हणून ती जुन्या मालाच्या दुकानात गेली. तिथे दोन कार्डं होती, दोन्ही एकाच भावात. एक एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, दुसरं एएमडीचं आरएक्स ५८०. मोठा भाऊ म्हणतो, ‘१०६० घे, आकडा मोठा आहे.’ दुकानदार म्हणतो, ‘५८० घे, मेमरी जास्त आहे.’ आणि आमची मैत्रीण विचारते, ‘काका, खरं कोण बोलतंय?’

भावाचं म्हणणं आधी निकालात काढू. एसटीच्या गाडीचा नंबर मोठा असला म्हणून ती गाडी वेगानं धावते का? हे दोन आकडे दोन वेगळ्या कंपन्यांनी आपापल्या वहीत टाकलेले आहेत. त्यांची एकमेकांशी वजाबाकी करायची नाही.

आता कार्ड करतं काय ते बघू. तुमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. गेम सुरळीत दिसायचा तर असं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढावं लागतं. करा गुणाकार! बारा कोटींच्या वर जातो. मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो एकटा हे करत बसला तर दमून जाईल. म्हणून ग्राफिक्स कार्डात हजारो साधे कामगार बसवलेले असतात. प्रत्येकाचं काम सोपं, पण सगळे एकदम करतात.

लग्नाची मोठी पंगत डोळ्यांसमोर आणा. १०६० मध्ये असे १२८० वाढपी आहेत, ५८० मध्ये २३०४. झालं, ५८० जिंकलं? थांबा. १०६० चे वाढपी जास्त चपळ आहेत. कंपनीच्या कागदावर त्यांचा वेग १७०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, ५८० च्या वाढप्यांचा १३४० पर्यंत. दोन्हीकडे वाढपी गुणिले वेग असा हिशेब केलात, तर ५८० तरीही चाळीस टक्क्यांच्या आसपास पुढे दिसेल.

पण मैदानात उतरल्यावर असं झालं नाही. १०६० आलं १९ जुलै २०१६ ला. ५८० आलं १८ एप्रिल २०१७ ला, आणि खरं सांगायचं तर ते २०१६ च्याच आरएक्स ४८० चं जरा वेग वाढवलेलं रूप होतं. तेव्हाच्या गेम्सवर दोघांना पळवलं, तर कधी हे पुढे, कधी ते. जवळजवळ बरोबरी! मग ५८० चे ते जास्तीचे वाढपी करत काय होते? बरेचदा हात बांधून उभे होते. पंगतीत वाढपी भरपूर आहेत, पण ‘तू इकडे जा, तू तिकडे भात ने’ असं सांगणारा यजमान एकच आणि तोही गोंधळलेला, असं असेल तर काय होईल?

हा यजमान म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कार्डाशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. जुने गेम बहुतेक डायरेक्टएक्स ११ या पद्धतीनं लिहिलेले. त्या पद्धतीत एनव्हिडियाचा यजमान कामाची वाटणी फार चांगली करायचा, एएमडीचा मात्र सगळा भार मुख्य प्रोसेसरच्या एकाच कोपऱ्यावर टाकायचा. पुढे डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या पद्धती आल्या. त्यांत कामाची वाटणी गेम लिहिणाराच जास्त बारकाईनं करतो. मग ५८० चे रिकामे हात कामाला लागले. ‘डूम’ हा २०१६ चा गेम व्हल्कनवर चालवला की एएमडीची कार्डं एकदम पुढे सरकायची. म्हणून वर्षं गेली तसं ५८० हळूहळू वर आलं, आणि आज नव्या पद्धतीच्या बऱ्याच गेम्समध्ये ते पुढे असतं.

म्हणजे पहिला प्रश्न ‘कोणतं कार्ड चांगलं?’ हा नाहीच. ‘तू खेळतेस काय?’ हा आहे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर जुना आहे आणि ‘जीटीए ५’ सारखे डायरेक्टएक्स ११ चे गेमच खेळायचेत, तर १०६० अजूनही गुणी आहे. नुसतं ‘व्हॅलोरंट’ खेळायचं असेल, तर दोन्ही कार्डं त्याला पुरून उरतात.

आता दुकानदाराच्या मेमरीकडे येऊ. इथे तो निम्मा बरोबर आहे. मेमरी म्हणजे वाढप्यांच्या जवळचा ओटा. त्यावर पातेली मांडलेली. १०६० चा ओटा ६ जीबीचा, ५८० चा ८ जीबीचा. ओटा मोठा म्हणून वाढपी जोरात धावत नाहीत. पण ओटा भरला की मागच्या कोठीघरातून एकेक पातेलं आणावं लागतं, आणि तेवढा वेळ पंगत ताटकळते. गेममध्ये हे कसं दिसतं? सगळं छान चाललेलं असतं आणि वळणावर गाडी मधेच अडखळते. तेच ते! शिवाय ओटा आणि वाढपी यांच्यातला दरवाजाही ५८० मध्ये रुंद आहे: सेकंदाला २५६ जीबी माल जातो, १०६० मध्ये १९२.

पण निम्मा बरोबर का म्हटलं? कारण १०६० एकच नव्हतं. एक ६ जीबीचं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आलेलं दुसरं ३ जीबीचं. नाव तेच, आणि मला राग याचाच येतो, की या दुसऱ्यात मेमरीच नाही तर वाढपीही कमी आहेत. १२८० च्या जागी ११५२! सख्ख्या भावाचं आडनाव लावून आलेला चुलतभाऊच म्हणा ना. पत्रात आमच्या मैत्रिणीनं नुसतं ‘१०६०’ लिहिलंय. बाई गं, आधी विचार, कोणतं? ३ जीबीचं असेल तर एकाच भावात त्याचा विचारसुद्धा करू नकोस.

५८० वाले हसू नका. तुमच्याकडेही हीच गंमत आहे, आणि ती माझ्या भाच्याला चांगलीच महागात पडली. त्यानं दोन सुट्ट्या शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि एका दुकानातून ५८० आणलं. घरी बसवलं, गेम सुरू झाला, पेढेसुद्धा वाटले. आठवड्यानं मित्राच्या ५८० शी तुलना केली तर याचं सारखं मागे. मला फोन आला, ‘मामा, माझा प्रोसेसर बिघडलाय का?’ मी त्याला जीपीयू-झेड नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. त्यात ‘शेडर्स’ असा रकाना असतो. तिथे २३०४ हवे होते, होते २०४८. एएमडीनं २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी कमी वाढप्यांचं ५८० काढलं होतं, ते हे. आतून ते जवळजवळ धाकटं आरएक्स ५७० च. कार्ड खोटं नव्हतं, बिघडलेलंही नव्हतं. फक्त पैसे थोरल्याचे गेले आणि घरी आला धाकटा. दुकानदारानं ‘पेटीवर ५८० च लिहिलंय’ एवढं सांगून हात वर केले. बोलणार काय? लिहिलं होतंच!

तेव्हा पैसे देण्याआधी कार्ड दुकानातच चालवून दाखवायला सांगायचं आणि तो रकाना वाचायचा. लाजायचं नाही. कापड घेताना आई दोन बोटांत चुरगाळून बघते, ती लाजते का? हे सॉफ्टवेअर आणखी एक काम करतं. एनव्हिडियाच्या एखाद्या फार जुन्या कार्डावर कुणी १०६० चं नाव चढवलं असेल, तर ते नावापुढे सरळ ‘फेक’ असं लिहून दाखवतं.

अर्धा तास गेम चालू ठेवून बघ. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटले तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पड. पंखा घरघरतो का तेही ऐक. या दोन्ही कार्डांनी, विशेषतः ५८० नं, बरेचदा आभासी चलनाच्या खाणीत मजुरी केलेली असते. २०१७ मध्ये इथेरियम मिळवण्यासाठी लोकांनी ही कार्डं इतकी उचलली की गेम खेळणाऱ्यांना दुकानात ती मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. राबलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं नाही. पंखे मात्र झिजतात आणि आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकते. दोन्ही बदलता येतं. भाव करताना हे आठवणीनं बोल.

आता विजेचा हिशेब. १०६० पूर्ण जोरात १२० वॅट खातं, ५८० खातं १८५. फरक ६५ वॅटचा. रोज दोन तास खेळलात (आईच्या परवानगीनं!) तर दिवसाला १३० वॅट-तास, वर्षाला साधारण ४७ युनिट. घरचं बिल काढा, तुमच्याकडे युनिटचा दर काय पडतो बघा आणि गुणा. दहा रुपये धरला तर पावणेपाचशेच्या आसपास. तीन वर्षं कार्ड वापरलंत तर ‘एकच भाव’ हा एकच राहिला का?

खरी मेख मात्र बिलात नाही, कॅबिनेटमध्ये आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती मी तीनदा वाचली: ‘आमचा कॉम्प्युटर एका ऑफिसातून जुना घेतलेला आहे.’ ऑफिसातल्या कॉम्प्युटरला गेम खेळायचेच नसतात, म्हणून त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बरेचदा लहान असतो. कधी १८० वॅटचा, कधी २५० चा. १०६० साठी कंपनी ४०० वॅट सांगते, ५८० साठी ५००. शिवाय १०६० ला सहा पिनांची वेगळी वायर लागते आणि ५८० ला आठ पिनांची. अशा डब्यातून ती वायर कित्येकदा निघतच नाही. तसं असेल तर दोन्हींपैकी कुठलंही कार्ड आणलंस, तरी ते टेबलावर ठेवून बघत बसावं लागेल. काही ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये बाजारातला नेहमीचा एसएमपीएस बसतही नाही, कारण आतली जोडणी वेगळी असते.

मग तिसरं कार्ड बघावं लागेल: जीटीएक्स १०५० टीआय, ऑक्टोबर २०१६ चं. मेमरी ४ जीबी, वाढपी ७६८ च. या दोघांपुढे ते कमी पडतं, हे कबूल. पण ते ७५ वॅटमध्ये भागवतं आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. ही सगळी कार्डं आता म्हातारी झालीत. एएमडीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ५८० च्या पिढीला वेगळ्या, संथ रांगेत बसवलं. एनव्हिडियानं १०६० च्या पिढीसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ म्हणतात. प्रकाशकिरणांचं गणित करणारे खास भाग यांच्यापैकी कुणातच नाहीत. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स’च्या गेमसारखे काही नवे गेम यांना दारातच उभं करत नाहीत. हां, एक गंमत आहे. कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते मोठं करणारी एफएसआर नावाची युक्ती एएमडीनं २०२१ मध्ये आणली, आणि ती एनव्हिडियाच्या १०६० वरही चालते. एनव्हिडियाची स्वतःची तशीच युक्ती मात्र १०६० वर चालत नाही. शेजारीण वाटीभर साखर देते आणि घरची मावशी डबा लपवते!

तर नांदेडच्या मैत्रिणी, एसएमपीएस ५०० वॅटचा आणि चांगल्या कंपनीचा असेल, रकान्यात २३०४ दिसत असेल, तर एका भावात मी ८ जीबीचं ५८० घेईन. एसएमपीएस चारशेच्या घरातला असेल आणि गेम जुने असतील, तर ६ जीबीचं १०६०. एसएमपीएस ऑफिसचाच असेल, तर १०५० टीआय, आणि तेही या दोघांपेक्षा बऱ्याच कमी भावात मिळालं तरच.

रविवारी भावाला हाताशी घे. बटण बंद कर, वायर भिंतीतून काढ आणि कॅबिनेटचं झाकण उघड. आतल्या डब्यावर एक चिठ्ठी असेल. तिच्यावरचा वॅटचा आकडा आणि मोकळ्या वायरींच्या पिना मोजून मला कळव. तोवर ओवाळणी डब्यातच राहू दे.