जनावरांच्या नव्या डॉक्टरला एकटे पाडणारे आपणच

खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावांत म्हैस अडली की रात्री दोन वाजताही जनावरांचा डॉक्टर हवा असतो. तोच डॉक्टर नुकता शिकून नोकरीवर रुजू झाला की त्याला भाड्याने खोली मिळत नाही. पहिला प्रश्न, 'आपला की त्यांचा?' दुसरा, 'मुलगी होय? मग ही काय म्हैस धरणार!' बांधवहो, हे बोल आम्ही १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरांच्या कट्ट्यांवरच ऐकले आहेत, म्हणून सरकारच्या आधी आपल्याशीच बोलतो.

आम्ही बँकेतले कारकून. औषधातले कळत नाही, पण कागद कळतो. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळू लागले. म्हशीचा विमा उतरवायचा तर डॉक्टरचा दाखला, त्याने ठरवलेली किंमत आणि कानात बिल्ला लागतो. म्हैस मेली तर शवविच्छेदनाचा अहवाल आणि तोच बिल्ला. सगळ्या कागदांखाली सही एकाच माणसाची. हा माणूस म्हणजे साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम संपवून महिन्यापूर्वी आलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा पोर. त्याच्या टेबलाभोवती गावातले चार वजनदार उभे राहतात : 'बिल्ला राहून गेला होता, आता मारा आणि मागची तारीख घाला.' तो कानडी असून नाही म्हणाला, तर मराठी शेतकऱ्याच्या मुळावर उठला! मराठी असून नाही म्हणाला, तर आपला असून उपयोग काय? आणि सही केली तर चौकशीत उभा राहणार तो. नोकरी जाईल त्याची, पशुवैद्यक परिषदेतली नोंदणी धोक्यात येईल त्याची. वजनदार मंडळी तेव्हा कुठे असतात, हे तारीख आणि शाई न जुळणारे दाखले पाहिलेल्या आम्हाला विचारा. सीमाप्रश्नाचे नाव असल्या कामाला जुंपू नका. त्यासाठी १९५६ साली माणसे गोळीला सामोरी गेली आहेत.

सरकारही सुटत नाही. पाच हजार जनावरांमागे एक डॉक्टर असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली केली होती. आज नवा डॉक्टर दवाखान्यात एकटाच बसवला जातो, पुष्कळदा कंत्राटावर. कॉलेजात पाठीशी प्राध्यापक होते. इथे गोठ्यात एक बॅटरी आणि गर्भाशयाला पीळ पडलेली म्हैस. तिला आडवी पाडून, पोटावर फळी दाबून उलटायचे, हे पाच-सहा जणांचे काम. पीळ कुठल्या बाजूचा हे चुकले तर म्हैसही जाते आणि रेडकूही. गाभडलेल्या जनावराचा जार हातमोज्याशिवाय काढला तर सांसर्गिक गर्भपाताचा रोग डॉक्टरलाच जडतो, महिनोन्‌महिने ताप. असल्या वेळी फोन उचलणारा एक जाणता डॉक्टर हवा. इंग्लंडात २०२१ पासून नव्या पशुवैद्याला कामावर घेणाऱ्या दवाखान्यांसाठी तशी योजनाच आहे, प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक जवळ असतो. आपल्याकडे मार्गदर्शक म्हणजे बदलीच्या वाटेवरचा साहेब.

'पगार घेतो ना?' असे कुणी म्हणेल. आम्ही बँकेत लागलो तेव्हा जुन्या हेडक्लार्कने सहा महिने आमची एकेक नोंद तपासली. रोकड कमी भरली तर आमच्या खिशातून जात होती, एवढेच. डॉक्टर चुकला तर एखाद्या घराची एकुलती दुभती म्हैस जाते, आणि तिच्यावर कर्ज असेल तर हप्ता तसाच राहतो.

आपल्या शहरात निवृत्त मराठी पशुवैद्य आहेत. त्यांची नावे आणि फोन नंबर संघटनेने गोळा करावेत, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावेत, तो कानडी असो वा मराठी. कानडी असेल तर गोठ्यातले मराठी शब्द त्याला शिकवावेत : 'मायांग आले', 'वार पडली नाही', 'रवंथ बंद'. खोलीची हमी गावातल्या कार्यकर्त्याने घ्यावी. विम्याच्या कागदांना काय लागते, ते गावोगाव सांगायला आम्ही बँकेतले दोघे-तिघे रविवारी यायला तयार आहोत. पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, शेवटी 'आयत्या वेळचे विषय' म्हणून नव्हे.