मनातले मांडे, खापरावरचे मांडे

‘मनातले मांडे’ हा शब्दप्रयोग आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतो, पण खरा मांडा किती जणांनी खाल्लाय? बेळगावकरांनी एव्हाना हात वर केले असतील, कारण तिकडे लग्नकार्यात मांड्यांचा मान अजून टिकून आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मुलामुलींना मात्र मांडे माहीत असतात ते ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतून. मुक्ताबाईने भावाच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. त्यातला एक बारकावा सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. मुक्ताबाई घराबाहेर पडते ती खापर आणायला. घरातल्या तव्यावर मांडा होत नाही. त्याला पालथं घातलेलं आणि खालून जाळ दिलेलं मातीचं खापर लागतं.

ही रीत ज्ञानेश्वरांच्याही आधीची आहे. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. हत्ती, घोडे, औषधं, संगीत, खेळ अशा शंभर विषयांत ‘अन्नभोग’ हाही एक विषय आहे. त्यात गव्हाचे ‘मंडक’ आहेत, म्हणजे आपले मांडे. उडदाची ‘इडरिका’ आहे, डाळीचा ‘धोसक’ आहे आणि शेकून खायचे उंदीरसुद्धा आहेत! आपल्या वडोदेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हा ग्रंथ छापून आला तो वडोद्याच्या गायकवाड्स ओरिएंटल सिरीजमध्ये. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला पहिला खंड १९२५ साली निघाला आणि तिसरा १९६१ साली. राजा कल्याणीचा, छपाई वडोद्याची आणि मांडे बेळगावचे. आपल्या विखुरलेल्या मंडळींचं हे जुनं नातं आहे.

वाचायला हे सगळं छान वाटतं. करायला बसलं की अडचण कळते. जुन्या पाककृतींत किती, किती वेळ आणि किती आच, याचा पत्ता नसतो. ‘मंद अग्नीवर’ असं लिहिलेलं असतं. गॅसची कळ बारीक करणाऱ्या आपल्याला मंद अग्नी म्हणजे नक्की काय, ते कसं कळणार? लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यात लाकडाचा जाळ करून जुने पदार्थ रांधून पाहिले गेले आहेत, ते याच कारणासाठी. पुस्तकात न लिहिलेला भाग विस्तवापुढे बसल्यावर कळतो.

बेळगावजवळ आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या वाड्याचा पुढचा भाग छोट्या घर-संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे. माजघर, देवघर, कोठीची खोली आणि जुनं स्वयंपाकघर. जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, पितळेची भांडी, सगळं जागच्या जागी. पाहुणे दोरीपलीकडून बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. गेल्या हिवाळ्यात घरच्या सुनेने ती दोरी काढली आणि आम्हा नऊ जणांना बोलावलं. त्यात कॉलेजातली चार मुलं-मुली होती. बेत ठरला इडरिका आणि मांड्यांचा.

पहिला तास गेला तो चूल समजून घेण्यात. चुलीला शेजारचा वैल असतो. मुख्य जाळाची उरलेली आच तिकडे जाते, म्हणून चुलीवर भात आणि वैलावर आमटी असा संसार चालतो. आच वाढवायची तर लाकूड आत सारायचं, कमी करायची तर बाहेर ओढायचं. ‘मंद अग्नी’ म्हणजे लाकूड ओढून घेतल्यावर मागे राहिलेले निखारे, हे मुलांना दहा मिनिटांत कळलं. पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा लेप दिला की काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना सहज निघते. झाकणावर निखारे ठेवले की वरूनही आच मिळते. कोकणातलं धोंडस आणि गोव्याची बेबिंका या वरच्या विस्तवावरच होत आल्या आहेत. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट काही शिजवायचं नाही, हेही तिथेच पक्कं झालं.

इडरिका सोपी निघाली. भिजवलेली उडीद डाळ पाट्यावर वाटली, त्यात मिरी, जिरं, हिंग आणि मीठ घातलं. तांदूळ अजिबात नाही. छोटे गोळे करून वाफवले आणि वरून तूप. “हिरवी मिरची नाही?” असं एकाने विचारलंच. नाही, कारण मिरची पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर आली, सोमेश्वरानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. बटाटा आणि टोमॅटोही तसेच दूरदेशचे. मिरीचा तिखटपणा जिभेवर न राहता घशात उतरतो, हे त्या दिवशी सगळ्यांना नव्याने जाणवलं.

मांड्यांसाठी मात्र गुरू लागतो. त्या घरच्या थोरल्या काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न होऊन याच स्वयंपाकघरात आल्या आणि इथेच त्यांनी तीसेक वर्षं चूल फुंकली. त्यांना खुर्ची आणून दिली. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, “पितळ घासलंत, चूल सारवलीत, छान केलंत. पण धूर कुठे ठेवलाय तुमच्या संग्रहालयात?”

सगळे गप्प झाले. काकू रागाने बोलल्या नव्हत्या. “पावसाळ्यात ओली लाकडं. डोळ्यांतून सारखं पाणी. घरात माणसं वीस. गॅस आला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला एक दिवस मजा वाटते, वाटू दे. पण चुलीवरची चव, चुलीवरची चव म्हणत बसू नका. ती चव कुणाच्या डोळ्यांची होती, तेही सांगा लोकांना.”

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘चुलीवरचं’ लिहिलं की आपण खूष होतो. ग्रंथावर नाव राजाचं असतं, वाडा यजमानांच्या नावाने ओळखला जातो. जाळापुढे बसलेल्या बाईचं नाव कुठेच नसतं. ‘मानसोल्लासा’त या बायका एका ठिकाणी भेटतात, पण अन्नाच्या प्रकरणात नाही, संगीताच्या. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने केली आहे. नावं नाहीत, चेहरे नाहीत. उखळापुढचा त्यांचा आवाज तेवढा नोंदला गेला, आणि तोही मराठी.

मग काकू खुर्चीवरून उठून पाटावर बसल्या. कणीक आणि मैदा एकत्र मळून, तेल लावून, भरपूर तिंबून ठेवला होता. पिठीसाखर, तूप, खसखस, वेलची यांचं सारण भरून उंडा लाटला. पुढचं काम लाटण्याचं नव्हतं. काकूंनी पोळी दोन्ही हातांवर घेतली आणि मनगटं फिरवत ती पसरवत नेली. कोपरापर्यंत आली तरी फाटेना. पलीकडची बांगडी दिसू लागली, तेव्हा ती अलगद पालथ्या खापरावर गेली. खापर तापलंय का, हे त्यांनी पाण्याचा शिंतोडा मारून पाहिलं. थेंब चर्र करून उडाला पाहिजे, नुसता वाळला तर थांबायचं. अर्ध्या मिनिटात मांडा उतरला. गरम आहे तोवरच चौकोनी घडी घातली, कारण निवला की तो कुरकुरीत होतो आणि घडी मोडते.

मुलींपैकी एकीचे पहिले चार मांडे फाटले. पाचवा खापरावर पोहोचला. “पीठ किती वेळ तिंबायचं, काकू?” तिने विचारलं. काकूंनी तिचा हात धरला, उंड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “असं लागेपर्यंत.” कुठल्याही पुस्तकात हे माप लिहिता येणार नाही. तिने मोबाईल बाजूला ठेवला आणि पुन्हा पीठ हातात घेतलं.

त्या दिवसानंतर संग्रहालयात दोन बदल झाले. वर्षातून चार वेळा, खिडक्या-दारं उघडी ठेवून आणि वाळूची बादली जवळ घेऊन, चूल पेटवायची असं ठरलं. आणि चुलीशेजारी एक पाटी लागली. त्या घरात रांधलेल्या बायकांची नावं तिच्यावर आहेत. सासवा-सुनांची आहेत, तशीच पाणी भरणाऱ्या आणि दळण-कांडण करणाऱ्या बायकांचीही, काकूंना जेवढी आठवली तेवढी.

तुमच्या घरी चूल नसेल आणि त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका. इडरिका गॅसवरही होते. एक वाटी उडीद डाळ पाच तास भिजवा, कमी पाण्यात घट्ट वाटा आणि रात्रभर उबेला ठेवा. सकाळी अर्धा चमचा भरड मिरी, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग आणि मीठ घालून फेटा. लिंबाएवढे गोळे पंधरा मिनिटं वाफवा आणि साजूक तुपाबरोबर गरम खा.

दुसरं काम जरा तातडीचं आहे. आजी, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाच्या हातात असा एखादा पदार्थ असेल, तर नुसती कृती लिहून घेऊ नका. शेजारी बसा, पिठात हात घाला आणि त्या ‘असं’ म्हणतील तेव्हा ते ‘असं’ बोटांना कळू द्या. तो पदार्थ त्या कुणाकडून शिकल्या, तेही विचारा आणि त्या बाईचं नाव लिहून ठेवा. मंडळाकडे पाठवलंत तर पुढच्या अंकापासून या सदरात एकेक पदार्थ त्याच्या बाईच्या नावासकट छापू. सुरुवात कुणाच्या घरापासून करायची, ते तुम्ही सांगा.