गुडघ्याची गोळी

ऊसपट्ट्यातल्या बाईचे गुडघे कारखान्याआधीच गाळपाला जातात. बाजाराच्या दिवशी इस्लामपुरात एखादी मावशी मेडिकलवाल्याला म्हणते, "मागच्यासारख्याच दे रं, पांढऱ्या." तो पाकिटातून कात्रीने चार गोळ्या कापून देतो, नाव, तारीख दुकानातच राहतं. पुढे डॉक्टरने विचारलं तर उत्तर एकच, पांढरी! डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज पोटात गेली की जठराला जखमा होतात, बीपी वाढतो, मूत्रपिंडाचं रक्त आटतं. हेच औषध टोचलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळपास संपली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. (माणसांना चालू आहे.) दुखण्याच्या गोळीसोबत घेतलेल्या पित्ताच्या गोळीने पोट बरंचसं सांभाळलं जातं, मूत्रपिंड नाही, बीपीची आणि लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. परसाकडला डांबरासारखं काळं झालं तर लाजत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पायावर सूज आली तर क्रिएटिनिन बघून घ्यायचं. दुखणं अंगावर काढा असं कोण म्हणतंय? चोळायच्या मलमावर किंवा पॅरासिटामॉलवर भागेल का, हे डॉक्टरला विचारा, आणि जाताना घरातली झाडून सगळी कापलेली पाकिटं पिशवीत टाकून न्या.