अर्ज कोणी करावयाचा?

अमेरिकेतील माध्यमिक शाळेचा विद्यार्थी शाळेच्याच वर्गात बसून, शाळेच्याच शिक्षकाकडून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे कलनशास्त्र, भौतिकी किंवा इतिहास शिकतो, मे महिन्यात देशभर होणाऱ्या परीक्षेस बसतो, आणि एक ते पाच या श्रेणीत तीन वा अधिक गुण मिळाल्यास पुष्कळ महाविद्यालयांत त्या विषयापुरती सवलत मिळवितो, ही ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाची आणि ‘एपी’ या आद्याक्षरांनी सर्वतोमुखी झालेली व्यवस्था, ज्यांचे आप्त तिकडे स्थायिक आहेत अशा वाचकांना ऐकून तरी ठाऊक असेल. तेथील मराठी कुटुंबांत मुलाने यंदा किती एपी घेतल्या ही पृच्छा, आपल्याकडील दहावीच्या टक्क्यांच्या पृच्छेइतकीच नित्याची असते. या अंकात त्या व्यवस्थेचा प्रपंच करण्याचा हेतू तिची थोरवी गाण्याचा नाही. त्या वर्गात कोणी बसावयाचे हे ठरविण्याची जी वहिवाट तेथे दीर्घकाळ चालत आली, आणि गेल्या पंधराएक वर्षांत काही राज्यांनी जी मुळापासून फिरविली, तिच्यात आमच्या मुख्याध्यापकांनी व वर्गशिक्षकांनी लक्ष घालावे असे पुष्कळ आहे, एवढेच आमचे म्हणणे.

या व्यवस्थेचा जन्मच मुळी मोठ्या घरचा. ॲन्डोव्हर, एक्झीटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन श्रीमंत खाजगी शाळांतून बाहेर पडणारी मुले हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथे गेल्यावर पहिले वर्ष शिकलेलेच पुन्हा शिकण्यात दवडतात, या तक्रारीची चौकशी करण्यासाठी फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने या सहा संस्थांतील मंडळी एकत्र बसली आणि त्यांचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९५५ साली कॉलेज बोर्डाने योजनेचा कारभार हाती घेतला, आणि १९५५-५६ च्या पहिल्या वर्षी १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी तिच्यात होते. ज्यांच्या घरी महाविद्यालय म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते अशांसाठी योजलेली ही सोय पुढे सार्वजनिक शाळांत पसरली, विषयांची संख्या चाळिसाच्या घरात गेली, परंतु प्रवेशाची रीत मात्र पहिल्या वर्गाचीच राहिली: ज्याला हवे त्याने मागावे, आणि ज्याने मागितले त्याची पात्रता शाळेने तपासावी.

ही तपासणी कशी होते ते पाहिले म्हणजे अन्याय करण्यासाठी कोणीही अन्यायी असावे लागत नाही हे ध्यानात येते. मागील वर्षाचे अमुक गुण, विषयशिक्षकाची शिफारस, क्वचित एखादी प्रवेश-चाचणी, पालकाची सही, मुदतीत दाखल केलेला अर्ज, आणि परीक्षेचे सुमारे शंभर डॉलर शुल्क (अलीकडे गरिबांना त्यात बरीच सूट मिळते): यांतील एकेक अट सुटी घेतली तर कोणालाही वाजवीच वाटेल. तथापि ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातील मुलीला असा अर्ज असतो हेच मुळी कळत नाही. कळले तरी तो आपल्यासाठी असेल असे तिला वाटत नाही. आणि ते तिच्या मनात भरवून द्यावे अशी ज्याच्याकडून अपेक्षा, त्या शाळेतील समुपदेशकाच्या वाट्याला, त्यांच्या संघटनेने अडीचशेची मर्यादा शिफारसलेली असतानाही, २०२२-२३ साली देशाच्या सरासरीने ३८५ विद्यार्थी येत होते. असा मनुष्य जो दारात येऊन उभा राहील त्याचेच काम करणार, आणि दारात उभे राहण्याचे शहाणपण घरूनच यावे लागते. एपीच्या वर्गांत कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी आणि एकंदर निर्धन घरांतील मुले प्रमाणाहून कमी दिसतात, त्याच्या मुळाशी बुद्धीपेक्षा ही वहिवाट अधिक आहे.

आता, जेथे वर्गच नाही तेथे रीतीला दोष देऊन काय उपयोग, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. कलनशास्त्र शिकविणाऱ्या माध्यमिक शाळा तेथे सुमारे निम्म्याच आहेत. १९९९ साली कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध जो दावा गुदरला गेला, त्यात इंग्लवूड येथील शाळेत गणित वा विज्ञान या विषयांचा एकही एपी वर्ग नसल्याची फिर्याद होती, आणि तेथून काही मैलांवरील बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत चौदा विषयांचे वर्ग भरत होते. राज्याचे विद्यापीठ एपी विषयांतील श्रेणीला जादा वजन देत असल्यामुळे, इंग्लवूडच्या विद्यार्थ्याने प्रत्येक विषयात सर्वोच्च श्रेणी मिळविली तरी कागदावर तो बेव्हर्ली हिल्सच्या मुलाच्या मागेच राहणार, हे त्या दाव्यातील मर्म. परंतु वर्ग नसणे ही पैशाची, शिक्षकनेमणुकीची, म्हणजे सरकार-दरबारची बाब झाली. वर्ग असून त्यात मूल नसणे ही शाळेच्या दप्तरातली बाब आहे, ती दुरुस्त करण्यास फारसा खर्च येत नाही, आणि म्हणूनच ती व्यवसायबंधूंच्या अधिक जवळची आहे.

अशा दप्तरातल्या दुरुस्तीने काय होते हे फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात दिसले. हा अनुभव प्राथमिक शाळांतील असला तरी तो येथे नोंदण्याजोगा आहे. विशेष प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी शिक्षकांनी वा पालकांनी नाव सुचवावे आणि मग चाचणी व्हावी, हा तेथील जुना रिवाज. २००५ पासून नाव सुचविण्याची वाट न पाहता दुसरीतील सर्व मुलांची सरसकट चाचणी सुरू झाली, आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व गरीब घरांतील कितीतरी मुले, पात्रतेची रेघ तीच असतानाही, त्या वर्गांत येऊन दाखल झाली. पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी लॉरा जुलियानो यांच्यासह या आकड्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नवी आलेली मुले अगोदरही त्याच शाळांत होती, त्याच शिक्षकांसमोर बसत होती. त्यांचे नाव कोणी सुचविले नव्हते, इतकेच. आर्थिक ओढाताणीत सरसकट चाचणी बंद पडली तेव्हा मिळविलेले बरेचसे पुन्हा गमावले गेले.

याच न्यायाने वॉशिंग्टन राज्यातील फेडरल वे या शाळा-जिल्ह्याने २०१० साली ठरविले की राज्याच्या परीक्षेत जो विद्यार्थी अपेक्षित पातळी गाठील त्याचे नाव पुढील वर्षी प्रगत वर्गाच्या हजेरीपटावर आपोआप चढावे. अर्ज नको, शिफारस नको. पालकांना नको असल्यास त्यांनी तसे कळवावे. राज्याने २०१३ साली या रीतीस उत्तेजन दिले आणि २०१९ च्या कायद्याने ती सर्व जिल्ह्यांवर बंधनकारक केली. नॉर्थ कॅरोलिनाने २०१८ साली गणिताच्या वार्षिक परीक्षेत सर्वोच्च पातळी गाठणाऱ्या मुलांसाठी तशीच तजवीज केली, आणि अशा मुलास पालकाच्या लेखी संमतीशिवाय त्या वर्गातून काढता येणार नाही असेही कलम घातले. टेक्ससने २०२३ साली पाचवीच्या गणितात वरच्या चाळीस टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीच्या प्रगत गणितात घालण्याचा कायदा केला. ही राज्ये राजकीय दृष्ट्या एकमेकांच्या विरुद्ध टोकांना असताना या एका बाबतीत त्यांचे एकमत व्हावे, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. कारण यात कोणाचे काढून कोणाला द्यावयाचे नाही, केवळ पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवावयाचा आहे. पूर्वी मुलाला आपण योग्य आहोत हे सिद्ध करावे लागे. आता ज्याला मूल अयोग्य वाटते त्याने हरकत नोंदवावयाची आहे.

यावर अनुभवी शिक्षकांची हरकत एकच, आणि ती वजनदार आहे: ज्याचा पाया कच्चा त्याला वरच्या वर्गात बसविणे ही त्याची विटंबना नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलच्या इतिहासात शोधले पाहिजे. मात्र त्याच्यावर निघालेल्या १९८८ च्या चित्रपटाने तो ज्या रूपाने घरोघर पोचविला त्या रूपात नव्हे. बोलिव्हियातून आलेले हायमे एस्कलांते १९७४ साली त्या शाळेत रुजू झाले तेव्हा तेथील बहुसंख्य मुले मेक्सिकन वंशाच्या श्रमजीवी कुटुंबांतील होती, आणि कलनशास्त्राचा पहिला वर्ग त्यांनी काढला तो त्यानंतर चार-पाच वर्षांनी, बोटांवर मोजण्याइतक्या मुलांचा. १९८२ साली अठरा मुले परीक्षेस बसली, अठराही उत्तीर्ण झाली; परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांच्या उत्तरपत्रिकांतील साम्य संशयास्पद वाटले; त्यांतील बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. चित्रपट पाहणाऱ्यास वाटते की एका विलक्षण गुरूने एका वर्षात दगडांना पाझर फोडला. वास्तविक त्या काळात एस्कलांते यांनी बीजगणितापासून कलनशास्त्रापर्यंतचे प्रत्येक इयत्तेचे गणित खालून वर बांधत आणले होते, बेन हिमेनेझ यांच्यासारखे सहकारी हाताशी घेतले होते, मुलांना मागे पडलेला भाग भरून काढता यावा म्हणून जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात सुटीतील वर्ग चालविले होते, आणि हेन्री ग्रदियास यांच्यासारखा पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक त्यांना लाभला होता. १९८७ साली कलनशास्त्रात उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. मुख्याध्यापक बदलले, वर्गातील गर्दीवरून सहकाऱ्यांशी व संघटनेशी खटके उडाले, १९९१ साली एस्कलांते शाळा सोडून गेले, आणि पुढील काही वर्षांत ती संख्या झपाट्याने घसरली.

आम्ही या इतिहासातून दोन गोष्टी घेतो. हजेरीपटावर नाव चढविणे हे काम एका दिवसाचे. त्या नावाला तेथे टिकविण्याचे काम त्याच्या चार-पाच वर्षे अगोदर, सहावी-सातवीच्या अपूर्णांकांत सुरू व्हावे लागते, आणि जो कायदा पहिले करून दुसरे विसरतो तो मुलांना नाउमेद करण्यापलीकडे काही साधणार नाही. दुसरे असे की हे खालचे काम एका व्यक्तीच्या पुण्याईवर उभे असेल तर ती व्यक्ती जाताच ते खचते. ते शाळेच्या नित्यक्रमाचा भाग झाले पाहिजे.

समतेसाठी वरचा वर्गच बंद करावा, हा उपाय सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ पासून करून पाहिला. आठवीचे बीजगणित काढून सर्वांना ते नववीतच द्यावयाचे ठरले. ऐपतवाल्यांनी बाहेरचे वर्ग लावून मुलांना पुढे नेले, इतरांची मुले थांबली, आणि २०२४ साली ते बीजगणित परत आणण्याचा निर्णय तेथील शाळा-मंडळास घ्यावा लागला. याहून अधिक या उपायावर लिहिण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

निकालाच्या टक्केवारीचा मोह मात्र समुद्राच्या दोन्ही तीरांवर सारखाच आहे. शाळेची कीर्ती उत्तीर्णांच्या प्रमाणावर ठरू लागली की शंकास्पद मुलाला परीक्षेपासून दूर ठेवणे हे शहाणपणाचे ठरते. हे जाणून, एस्कलांते यांच्यावर पुस्तक लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९९८ पासून शाळांचे मोजमाप किती उत्तीर्ण झाले यावर न करता किती बसले यावर करण्याची पद्धत मांडली; तिच्यावर, मुलांना मेंढरांसारखे परीक्षेत हाकण्याची ही चाल आहे, अशी टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तरीही दोन चुकांपैकी कोणती कमी घातक असे विचारल्यास आम्ही मॅथ्यूज यांच्या बाजूने कौल देऊ. आपल्याकडे नववीतील कच्च्या मुलाच्या पालकास बोलावून, शंभर टक्के निकालाची पाटी अबाधित राहावी म्हणून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरण्याचा जो सल्ला दिला जातो, तो ज्यांनी दिला वा देताना पाहिला आहे त्यांना आमच्या कौलाचे कारण निराळे सांगावयास नको.

आणि आपल्याकडील शिष्यवृत्ती परीक्षेस कोणी बसावे हे कसे ठरते? या परीक्षांचे अर्ज शाळेमार्फतच जातात. कोणत्या मुलांना ‘शिष्यवृत्तीला बसवावयाचे’ हे बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षक जुलै-ऑगस्टमध्ये मनाशी ठरवितो. ती यादी पहिल्या तुकडीतून निघते, त्या मुलांचा जादा तास भरतो, आणि उरलेल्यांना असा काही तास भरतो हे ऐकूनच ठाऊक असते. या यादीत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील, वीटभट्टीवरील, वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलांची नावे किती, हे कोणी तपासलेले आम्हांस आढळले नाही. यादी करणारा शिक्षक दुष्ट नसतो. तो वर्गात हात वर करणाऱ्यांची नावे लिहितो, आणि समुपदेशकाच्या दारात उभी राहणारी ती मुले व ही मुले एकाच जातकुळीची असतात.

यास्तव आमची वाचक-मुख्याध्यापकांस एक विनंती आहे. येत्या वर्षी शिष्यवृत्तीच्या इयत्तांचा संपूर्ण हजेरीपट हीच मूळ यादी धरावी, जादा तास सर्वांना खुला असावा, आणि ज्याचे नाव वगळावयाचे त्याच्या नावासमोर वगळण्याचे कारण व ते ठरविणाऱ्याची सही असावी. शुल्काची अडचण असल्यास ती शाळा-व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. तूर्त गेल्या तीन वर्षांचे आकडे, म्हणजे त्या इयत्तेत पटावर किती, परीक्षेस किती बसविले, त्यांपैकी पहिल्या तुकडीतील किती आणि मुली किती, हे दप्तरातून काढून आमच्याकडे पाठविल्यास शाळांची नावे न देता ते दिवाळीनंतरच्या अंकात छापण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांनी आपली माहिती निराळ्या कागदावर द्यावी. त्यांचा हिशेब मोठ्या शाळांच्या हिशेबात मिसळणे योग्य होणार नाही.