गिरणी संपाने बुडाली, की कारभाराने?

१/ लालबाग-परळच्या गिरण्यांचा विषय निघाला, की निकाल ठरलेला असतो : कामगार आळशी, पुढारी हट्टी, म्हणून धंदा बुडाला. हा निकाल इतिहासाची सुरुवात १८ जानेवारी १९८२ च्या संपापासून करतो. इतिहास त्याआधी सव्वाशे वर्षांचा आहे.

२/ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी स्थापन केली. पुढे बहुतेक गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंट पेढ्यांकडे राहिला. आरंभी अनेक पेढ्यांचे कमिशन नफ्यावर नव्हे, उत्पादनावर ठरे : रतलामागे पाव आणा. गिरणी तोट्यात गेली तरी पेढीची मिळकत चालूच. अशी पेढी कार्यक्षमतेची चिंता कशाला वाहील?

३/ खात्यातला कारभार जॉबरच्या हाती. भरती तोच करी, दस्तुरीही तोच घेई. बदलीवाले रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याला कसब शिकवण्यात कोणता मालक पैसा घालणार?

४/ १९२८ मध्ये मालकांना कार्यक्षमता आठवली. अर्थ एवढाच, की विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत. कामगारांचा सवाल साधा होता : सूत हलके, धागा सारखा तुटतो, तर तिसरा साचा कसा चालवायचा? सुमारे दीड लाख कामगारांचा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला.

५/ त्या सवालाचे उत्तर आज उपलब्ध आहे. २००८ नंतर निकोलस ब्लूम व सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. भर नव्या यंत्रांवर नव्हता. दोषांची नोंद, नियमित देखभाल, सुट्या भागांचा नीट लावलेला साठा यांवर होता. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

६/ १९८२ च्या संपाने गिरण्यांना जबर धक्का दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. भिवंडीच्या यंत्रमागांची स्पर्धाही खरी. परंतु धक्क्याने कोसळते ती इमारत, जिची डागडुजी वर्षानुवर्षे झालेली नसते.

७/ १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. आज त्या जागी मनोरे उभे आहेत. त्यांच्या सावलीत राहणाऱ्या गिरणगावाला 'आळशी' म्हणण्यापूर्वी निदान पेढ्यांचे हिशेब तरी उघडावेत.