‘ढगफुटीसदृश’ म्हणजे किती मिलिमीटर?



सोयाबीन काढणीला आलं की बातम्यांत दरवर्षी एक शब्द हमखास उगवतो, ‘ढगफुटीसदृश पाऊस’. हे सदृश काय प्रकरण आहे? हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. झाली तर झाली, नाही तर नाही. सदृश लिहिलं याचा अर्थ लिहिणाऱ्यानं मोजलेलं नाही.

पीक तर गेलंच ना, मग शब्दांचा कीस कशाला, असं काहीजण म्हणतील. अहो, मदत शब्दावरच अडते! महसूल मंडळाच्या यंत्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर ती अतिवृष्टी. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या वर पाणी. नोंद ६० झाली तर तुम्ही ‘आभाळ फाटलं’ म्हणा नाहीतर ‘धो धो कोसळला’ म्हणा, कागदावर अतिवृष्टी नाही. (सततच्या पावसाचे निकष वेगळे, त्यावर परत कधी.)

दुसरं, ‘तुरळक ठिकाणी’. हा शब्द वाचून आपण पेरणी नाहीतर फवारणी थांबवतो, पाऊस येत नाही, मग पारावर बसून खात्याला शिव्या. तुरळक म्हणजे त्या भागातल्या मोजणी केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. म्हणजे बाकीची पाऊण कोरडी राहणार हे अंदाजातच सांगितलंय. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्मी. ‘मुसळधार’लाही माप आहे, दिवसाला ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार.

पण सगळा दोष आपला नाही. ‘मेघगर्जनेसह विजांच्या कडकडाटात’ हे काय नाटकातलं वाक्य आहे का? त्याचा खरा अर्थ वीज पडू शकते, रान सोडा, झाडाखाली थांबू नका. मग तसंच लिहा ना! बाया खुरपत असतात, पोरगं गुरांमागे असतं, गडगडाट झाला की पहिला आसरा झाडाचाच घेतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, ते किती घरांत माहीत आहे?

रंगांचंही तेच. बातमी सांगते ‘यलो अलर्ट’ आणि थांबते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पण कशासाठी? पिवळा पावसालाही असतो, विजेलाही आणि उन्हाच्या लाटेलाही. रंगाखालचा शब्द वाचल्याशिवाय तो पिवळा काही कामाचा नाही.

आता कुणी म्हणेल, आपले जुने शब्द काय टाकून द्यायचे? मुळीच नाही. वळीव, वावटळ, उघडीप, झड, यातला प्रत्येक शब्द काहीतरी नेमकं सांगतो. झडच घ्या. दिवसेंदिवस रिपरिप, एकाही दिवशी ६५ चा आकडा नाही, तरी शेंगेतच दाणा उगवतो. ते नुकसान आपल्या शब्दाला कळतं, एका दिवसाच्या आकड्याला कळत नाही. म्हणून दोन्ही भाषा यायला हव्यात. रानात आपली आणि तहसीलला त्यांची.

शाळेत पोरांना ढगांची इंग्रजी नावं पाठ करून घेतात, पण पाचवी-सहावीच्या पोराला फोनवरचा हवामान अंदाज आजोबांना समजावून सांगता येत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे चार-पाच शब्द मापासकट लिहायला खडूपलीकडे खर्च नाही.

आणि एक. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे ४० आणि नऊनंतर ४० पडला तर आपल्यासाठी एकच पाऊस, नोंदीत दोन दिवस. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजा, तारखेसह वहीत लिहा. मंडळाचं यंत्र एका गावात आणि पाऊस दुसऱ्या, हे तर नेहमीचंच. तेव्हा तलाठ्यापुढं ठेवायला निदान वही तरी हवी.