काळे कपडेवाले आणि बाकीचे

परवा शुक्रवारी हापिसाखालच्या टपरीवर आमच्या टीमच्या बँकॉक ट्रिपचं प्लॅनिंग चाललं होतं. हॉटेल प्रतुनामला घ्यायचं की सुखुमवितला, पहिल्या दिवशी पट्टाया की शॉपिंग वगैरे वगैरे. मध्येच एकाने विचारलं, "तिथे मागे दंगल झाली होती ना रे? मॉल जाळला होता?"

झालं. कटिंग थंड होईपर्यंत आमच्यात उभे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, "लाल शर्टवाले बंदुका घेऊन शहरात घुसले होते, मग लष्कर काय हातावर हात धरून बसणार?" दुसऱ्याचं म्हणणं, "छे! बंदुकवाले लष्कराने स्वतःच पेरले होते. सगळं नाटक." आणि शेवटी टपरीवरच्या प्रत्येक चर्चेचा जो निकाल लागतो तोच लागला: "दोन्ही बाजूंचं चुकलं, सोड ना यार."

माझा राग आहे तो या तिसऱ्या वाक्यावर. पहिली दोन निदान तपासून तरी बघता येतात.

आधी थोडक्यात कथा, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मार्च २०१० मध्ये 'लाल शर्ट' आंदोलक बँकॉकमध्ये जमले. पंतप्रधान अभिसित वेज्जाजीवा यांनी संसद बरखास्त करून निवडणुका घ्याव्यात ही मागणी. (अभिसित डिसेंबर २००८ मध्ये संसदेतल्या मतांच्या जोरावर सत्तेवर आले होते, त्याआधीचा सत्ताधारी पक्ष कोर्टाने बरखास्त केल्यावर.) एप्रिलच्या सुरुवातीला आंदोलकांनी राचप्रसोंगचा चौक व्यापला. म्हणजे सेंट्रल वर्ल्ड आणि आसपासचा सगळा चकचकीत भाग. १० एप्रिलला लष्कराने जुन्या शहरातून त्यांना हटवायचा प्रयत्न केला, त्या एका दिवसात वीसपेक्षा जास्त माणसं मेली. मग मेच्या मध्यापासून वेढा, आणि १९ मेला शेवटची कारवाई. एकूण मृत नव्वदहून अधिक, जखमी दोन हजारांच्या घरात. बहुतेक मृत सामान्य नागरिक.

आता 'काळे कपडेवाले'. ते होते का? होते. याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. १० एप्रिलच्या रात्री काळ्या कपड्यांतली, चेहरे झाकलेली, हातात एके-४७ सारख्या रायफली घेतलेली माणसं कॅमेऱ्यांत टिपली गेली. त्या रात्री पाच सैनिक मेले, त्यांत कर्नल रोमक्लाओ थुवाथाम होते, ग्रेनेडच्या स्फोटात गेले. २२ एप्रिलला साला देंगला ग्रेनेड पडले, तेही सैनिकांवर नाही, तिथे जमलेल्या विरोधी गटातल्या लोकांमध्ये. ह्यूमन राइट्स वॉचने २०११ मध्ये आणि सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने सप्टेंबर २०१२ मध्ये या सशस्त्र लोकांचं अस्तित्व मान्य केलं. एवढंच नाही, आंदोलनाच्या काही रक्षकांकडून त्यांना मदत मिळाल्याचं आयोगाने नोंदवलं. तेव्हा "सगळं नाटक" म्हणणाऱ्या माझ्या मित्रा, इथे तुझी विकेट गेली. आंदोलनाच्या नेत्यांनी "आम्ही शांततावादी, ते आमचे नव्हेतच" असं म्हणून हात झटकले, पण ज्यांच्या आडून गोळ्या सुटत होत्या त्या गर्दीला त्यांनी घरी पाठवलं नाही. ही जबाबदारी त्यांचीच.

आता दुसरी विकेट.

"काळे कपडेवाले होते, म्हणून लष्कराने गोळ्या घातल्या" या वाक्यातला 'म्हणून' जरा नीट तपासूया. आपल्या धंद्यात एखादा सर्व्हर पडला आणि कोणी म्हणालं, "नेटवर्क स्लो होतं", तर आपण काय विचारतो? होतं, मान्य. पण हा सर्व्हर त्याच वेळी त्यामुळेच पडला का? लॉग दाखव.

तर लॉग बघू. १९ मे २०१०. दुपारी आंदोलनाच्या नेत्यांनी व्यासपीठावरून आंदोलन संपल्याचं जाहीर केलं आणि पोलिसांच्या स्वाधीन झाले. उरलेले लोक वाट पथुम वनाराम या देवळात गेले. कारण देऊळ ही सुरक्षित जागा म्हणून ठरली होती. संध्याकाळी तिथे सहा माणसं मारली गेली. त्यांत जखमींवर उपचार करणारी एक स्वयंसेवक नर्स होती. लष्कराचं म्हणणं तेच जुनं: तिथे सशस्त्र लोक होते, चकमक झाली.

ऑगस्ट २०१३ मध्ये बँकॉकच्या कोर्टाने या सहा मृत्यूंच्या चौकशीचा निष्कर्ष दिला. गोळ्या सैनिकांच्या. काही वरून, स्कायट्रेनच्या मार्गावर उभ्या असलेल्या सैनिकांकडून, काही रस्त्यावरून आल्या. मेलेल्यांच्या हातांवर बंदुकीच्या दारूचे अंश नव्हते. आणि त्या जागी काळे कपडेवाले असल्याचा दावा कोर्टाने मानला नाही.

म्हणजे जुन्या शहरात १० एप्रिलच्या रात्री जे घडलं, त्याची पावती सव्वा महिन्यानंतर दुसऱ्याच ठिकाणी, एका नर्सच्या नावावर फाडली गेली. आणि ही एकच केस नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये पहिला निष्कर्ष आला तो एका टॅक्सीचालकाचा: सैनिकांची गोळी. इटालियन छायाचित्रकार फाबियो पोलेन्गी, मे २०१३: गोळी सैनिकांच्या दिशेने आलेली. अशा डझनाहून जास्त प्रकरणांत कोर्टाने लष्कराकडे बोट दाखवलं. आणि जिथे पुरावा नव्हता तिथे तसंही सांगितलं. १० एप्रिलला मारले गेलेले रॉयटर्सचे जपानी कॅमेरामन हिरोयुकी मुरामोतो यांच्याबाबतीत २०१५ मध्ये कोर्टाने म्हटलं की गोळी कुणी झाडली हे ठरवता येत नाही. याला म्हणतात काम करणं. एक मृतदेह, एक गोळी, एक दिशा, एक निष्कर्ष.

पण पुढे काय झालं? इथे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना एकदम घरच्यासारखं वाटेल. तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे टोलवण्याचा खेळ!

यिंगलक शिनावात्रांच्या सरकारच्या काळात, २०१३ मध्ये, अभिसित आणि त्यांचे उपपंतप्रधान सुथेप थॉगसुबन यांच्यावर खुनाचे आरोप ठेवले गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये फौजदारी कोर्ट म्हणालं, हे आमच्या अखत्यारीत नाही, पदावर असताना दिलेले आदेश आहेत, भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जा. डिसेंबर २०१५ मध्ये आयोग म्हणाला, आंदोलनात सशस्त्र लोक होते, आदेश कायदेशीर होते, एखाद्या सैनिकाने वैयक्तिक अतिरेक केला असेल तर ते वेगळं बघा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अखत्यारीत नाही' यावर शिक्का मारला. आणि वैयक्तिक अतिरेकाचं? देवळातल्या सहा जणांच्या प्रकरणात २०१९ मध्ये लष्करी सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचं ठरवलं. तिकीट क्लोज्ड. 'नॉट रिप्रोड्यूसिबल'.

लक्षात घ्या, मधल्या काळात, मे २०१४ मध्ये, लष्कराने सत्ता ताब्यात घेतली होती. उठावाचे नेते प्रयुत चान-ओ-चा २०१० मध्ये उपलष्करप्रमुख होते.

गंमत अशी की काळ्या कपड्यांचं तिकीटसुद्धा कुणी सोडवलेलं नाही. ज्यांच्या नावावर सगळं खपवलं, त्यांना शोधायची तरी घाई असायला हवी होती ना? सप्टेंबर २०१४ मध्ये पाच जणांना पकडलं, खटला भरला तो शस्त्रं बाळगल्याचा, खुनाचा नाही. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लाल शर्टच्या नेत्यांना दहशतवादाच्या आरोपातून फौजदारी कोर्टाने मुक्त केलं, काळ्या कपड्यांशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही म्हणून. म्हणजे कर्नल रोमक्लाओंच्या घरच्यांनाही न्याय नाही. संशयित म्हणून हे लोक फारसे कुणाला नको होते, सबब म्हणून मात्र सगळ्यांना हवे होते.

आणि हा घ्या मासला. विशेष तपास विभागाचे प्रमुख थारित पेंगडिट. २०१० मध्ये अभिसित सरकारच्या आणीबाणी केंद्रात ते बसत होते आणि लाल नेत्यांवर दहशतवादाचे आरोप ठेवत होते. सरकार बदललं, आणि त्याच थारित यांनी अभिसितांवर खुनाचे आरोप ठेवले! खुर्ची तीच, माणूस तोच, पुरावे तेच, निष्कर्ष मात्र नव्या साहेबांच्या मर्जीप्रमाणे. पुढे त्या आरोपपत्रासाठी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाच दोन वर्षांचा तुरुंगवास ठोठावला. नव्वदहून अधिक मृत्यू, आणि तपासप्रकरणी आत गेला तो तपास अधिकारी. गोळी झाडणारा एकही सैनिक नाही, आदेश देणारा एकही नेता नाही.

लाल बाजूच्या पक्षाचं तरी काय? नोव्हेंबर २०१३ मध्ये फ्यू थाय पक्षाने कनिष्ठ सभागृहात पहाटे एक सरसकट माफीचा कायदा मंजूर केला. त्यात थाकसिन सुटणार होते, आणि सोबत अभिसित-सुथेपही. ज्यांची माणसं मेली ते लाल कुटुंबीयच विरोधात उभे राहिले. सिनेटने तो फेटाळला. पण ऑगस्ट २०२३ मध्ये याच पक्षाने लष्कराच्या बाजूच्या पक्षांना सोबत घेऊन सरकार बनवलं. ज्यांच्यावर गोळ्या घातल्याचा आरोप करत तेरा वर्षं मतं मागितली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून!

आता परत त्या तिसऱ्या वाक्याकडे. "दोन्ही बाजूंचं चुकलं." ऐकायला किती समंजस वाटतं! पण हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. 'बाजू' ला फाशी देता येत नाही, तुरुंगात टाकता येत नाही. बाजू बंदुकीचा चाप ओढत नाही, माणूस ओढतो, आणि त्याला आदेश देणाराही माणूसच असतो. रोमक्लाओंवर ग्रेनेड टाकणारा एक माणूस होता. देवळात नर्सला मारणारा दुसरा माणूस होता. एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा गुन्हा वजा होत नाही. आणि तुलनाच करायची तर सरकारकडून अपेक्षा जास्तच हवी, कारण बंदूक, गणवेश आणि पगार त्याला आपल्याच करातून मिळतो.

मला विचाराल तर मागणी साधी आहे. प्रत्येक मृत्यूचा वेगळा हिशोब. सैनिकाचाही, नर्सचाही. थाई कायद्यात खुनाच्या खटल्याची मुदत वीस वर्षं आहे, म्हणजे २०३० ला ही फाईल कायमची बंद. तोवर टोलवत राहिलं की झालं! मे २०२० मध्ये, दहा वर्षं झाली तेव्हा, काही लोकांनी रात्री बँकॉकमधल्या त्या त्या जागांच्या भिंतींवर लेझरने 'सत्याचा शोध' अशा अर्थाचे शब्द उमटवले होते. सरकारने सत्य शोधायचं सोडून लेझरवाल्यांचा शोध सुरू केला.

असो. हॉटेल प्रतुनामलाच ठरलं. सियाम स्टेशनवरून सेंट्रल वर्ल्डकडे स्कायवॉकने जाताना उजवीकडे-डावीकडे मॉलच मॉल दिसतात, आणि मध्येच खाली झाडांत दडलेलं एक देऊळ. तेच ते. मी मित्राला एवढंच म्हटलंय, तिथे मिनिटभर थांब आणि वर स्कायट्रेनच्या मार्गाकडे बघ. मग परत येऊन मला सांग, तिथून बघणाऱ्याला देवळाच्या आवारातली नर्स दिसली नसेल का?

पटलं नाही तर सोमवारी टपरीवर भेटूच. कटिंग माझ्याकडून.